जहाज पाहावे तळातून



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. बांधलेल्या घरात आयते राहायला जाणाऱ्याला विटांचा आणि वाळूचा हिशेब कळत नाही. पंगतीला बसून जिलबी खाणाऱ्याला आचाऱ्याचा घाम दिसत नाही. या जुन्या म्हणीला आज मी माझ्या पदरचे एक शेपूट जोडणार आहे: जहाज पाहावे तळातून!

जहाज कोणते, ते आधी सांगतो. मालवाहू नव्हे आणि लढाऊही नव्हे. 'क्रूझ' या नावाने ओळखली जाणारी सहलीची जहाजे जाहिरातींत तुम्ही पाहिली असतील. पांढरीशुभ्र, मजल्यावर मजले चढवलेली, पोटात नाट्यगृहे आणि डोक्यावर पोहण्याचे तलाव घेऊन फिरणारी. अशा जहाजांवर काही कंपन्या प्रवाशांना 'पडद्यामागची सफर' घडवतात. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर तिला 'ऑल ॲक्सेस टूर' म्हणतात, तर प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर 'अल्टिमेट शिप टूर'. त्यासाठी तिकिटाखेरीज वेगळे पैसे मोजावे लागतात आणि थोड्याच लोकांना प्रवेश मिळतो. काही तासांत मुदपाकखाना, धोबीघर, कोठारे, नाट्यगृहाची मागची बाजू, इंजिनांचा नियंत्रण-कक्ष आणि सुकाणूघर दाखवले जाते.

माझे मत असे आहे की, संपूर्ण जहाजावर पाहण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच. ती मूठभर हौशी प्रवाशांची चैन न राहता विद्यार्थ्यांचा हक्काचा धडा झाली पाहिजे. मात्र ती खरी सफर हवी, घासूनपुसून मांडलेल्या भांड्यांचे प्रदर्शन नको. असे मी का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

दिवे गेले तेव्हा

फेब्रुवारी २०१३ मधली ही घटना आहे. 'कार्निव्हल ट्रायम्फ' नावाचे जहाज अमेरिकेतील गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोकडे सहलीला गेले होते. जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून सुमारे ४,२०० माणसे होती. १० फेब्रुवारीच्या पहाटे इंजिनघरात आग लागली. एका लवचीक नळीतून इंधन गळले आणि ते तापलेल्या भागावर पडले, एवढेच कारण. आग विझवणाऱ्या यंत्रणेने आपले काम चोख केले. कोणी दगावले नाही, जहाजाला भोक पडले नाही, ते बुडण्याचीही भीती नव्हती. पण वीज गेली.

आता पुढे काय झाले पाहा. पंखे फिरेनात म्हणून जहाज प्रवाहाबरोबर वाहू लागले. वातानुकूलन बंद पडल्याने आतल्या खोल्या भट्टीसारख्या तापल्या. लोकांनी गाद्या ओढत उघड्या डेकवर आणल्या आणि तेथेच मुक्काम ठोकला. गरम जेवण मिळेना. सर्वांत वाईट म्हणजे बहुतेक शौचकूप चालेनात. शेवटी ओढबोटींनी ओढत १४ फेब्रुवारीच्या रात्री जहाज अलाबामा राज्यातील मोबाइल बंदरात आणले.

या चार दिवसांत प्रवाशांच्या वाट्याचे जहाज जागच्या जागी होते. झुंबरे, गालिचे, रंगमंच यांतले काहीही जळले नव्हते. बंद पडले होते ते खालचे जहाज, ज्याकडे चार दिवसांपूर्वीपर्यंत कोणाचेच लक्ष नव्हते. वरचे जहाज हे खालच्या जहाजाच्या खांद्यावर बसलेले असते. खांदा निसटला तेव्हा खांदा होता हे कळले!

माणसाने शिकण्यासाठी अपघाताची वाट पाहावी का? जिना उतरून खाली जाता येत असेल, तर आधीच जाऊन पाहिलेले बरे.

चला, जिना उतरू

त्यासाठी एक जहाज नमुन्यादाखल घेऊ. 'ओएसिस ऑफ द सीज' हे जहाज फिनलंडमधील तुर्कू येथे बांधले गेले आणि २००९ साली प्रवाशांच्या सेवेत आले. तेव्हा ते जगातले सर्वांत मोठे प्रवासी जहाज होते. आता त्याहून मोठी जहाजे झाली आहेत, पण आपल्या कामाला हे पुरेसे आहे. लांबी सुमारे ३६० मीटर, पाण्याच्या पातळीवर रुंदी ४७ मीटर आणि पाण्याखाली बुडालेली खोली ९.३ मीटर. प्रवासी आणि कर्मचारी मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे त्यावर राहू शकतात. म्हणजे एखादे मोठे गावच तरंगते आहे म्हणा ना!

या तीन मापांवरून जहाजाचे वजन काढता येईल का? कागद-पेन्सिल घ्या. ३६० × ४७ × ९.३ हा गुणाकार सुमारे १,५७,००० घनमीटर येतो. पण जहाज म्हणजे चौकोनी पेटी नव्हे. ते पुढे आणि मागे निमुळते असते, म्हणून या घनफळाचा दोन-तृतीयांश भाग धरू. तो साधारण एक लाख घनमीटर होतो. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन एक टनाहून किंचित जास्त भरते. म्हणजे जहाजाने बाजूला सारलेले पाणी सुमारे एक लाख टन, आणि आर्किमीडीजच्या तत्त्वानुसार जहाजाचे वजनही तेवढेच. प्रत्यक्षातला आकडा याच घरातला आहे. आर्किमीडीजचे तत्त्व मुकुटाच्या गोष्टीसह आपण सर्वांनी पाठ केलेले असते, पण एक लाख टनांचा तराजू म्हणून ते किती जणांनी वापरून पाहिले आहे?

आता इंजिने. या जहाजात सहा डिझेल इंजिने आहेत. ती पंखे थेट फिरवत नाहीत. ती जनित्रे फिरवतात, जनित्रांपासून वीज तयार होते आणि त्या विजेवर सारे जहाज चालते. आपल्याकडील डिझेल रेल्वे इंजिनातही हीच युक्ती असते. सहा इंजिनांची मिळून शक्ती सुमारे ९७ मेगावॉट आहे. त्यातली ६० मेगावॉटपर्यंत वीज जहाज पुढे ढकलणाऱ्या तीन मोटरींना लागते. या मोटरी जहाजाच्या बुडाखाली, पाण्यात लोंबणाऱ्या कोशांत बसवलेल्या असतात. हे कोश स्वतःभोवती वळू शकतात, त्यामुळे या जहाजाला वेगळे सुकाणू लागतच नाही. उरलेल्या विजेवर दिवे, शीतगृहे, मुदपाकखाना, धोबीघर, वातानुकूलन आणि धक्क्याला लागताना जहाज आडवे सरकवणारे पंखे चालतात.

हेच जहाज फिनलंडहून अमेरिकेला निघाले तेव्हाची एक गंमत सांगतो. वाटेत डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट नावाचा पूल लागतो. त्याच्याखालून जायला पाण्यापासून ६५ मीटर उंचीची वाट मिळते आणि जहाज तर पाण्यावर ७२ मीटर उंच! धुराडी दुर्बिणीच्या नळ्यांसारखी आत सरकवण्याची सोय होती, ती वापरली. तरीही मोकळी जागा फार थोडी उरत होती. तेव्हा कप्तानाने काय केले? वेग कमी न करता वाढवला. उथळ पाण्यातून वेगाने जाताना जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांमधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी अधिक वेगाने वाहते. जेथे वेग जास्त तेथे दाब कमी, हा बर्नुलीचा सिद्धान्त. दाब कमी झाला की जहाज थोडेसे खाली बसते. अशा रीतीने जहाज सुखरूप पार झाले. कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये फुंकर मारून वर्गात दाखवतो तेच हे तत्त्व, पण येथे ते एक लाख टन वजन खाली बसवत होते. हे ज्ञान सुकाणूघरात असते, पोहण्याच्या तलावाकाठी नसते.

उष्णतेचा जमाखर्च

आता हिशेबाच्या वहीकडे वळू. सहाही इंजिने पूर्ण शक्तीने चालली असे घटकाभर धरा. चांगले डिझेल इंजिन इंधनातल्या उष्णतेचा निम्म्याहून थोडा कमी भाग कामाला लावते. एक किलोग्रॅम इंधन जळल्यावर सुमारे ४० मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे ९७ मेगावॉट शक्तीसाठी दर सेकंदाला सुमारे पाच किलोग्रॅम इंधन जाळावे लागेल. हा परिच्छेद वाचायला तुम्हाला अर्धा मिनिट लागला असेल, तर तेवढ्यात दीडशे किलोग्रॅम इंधन संपले!

इंधनात मुख्यतः कार्बन असतो. बारा भाग कार्बन बत्तीस भाग ऑक्सिजनशी संयोग पावून चव्वेचाळीस भाग कार्बन डायऑक्साइड बनतो. त्यामुळे एक किलोग्रॅम इंधनापासून तीन किलोग्रॅमहून थोडा अधिक वायू बाहेर पडतो. पाचास तीनाने गुणा. दर सेकंदाला पंधरा किलोग्रॅम! एरवी सगळी इंजिने एकाच वेळी पूर्ण शक्तीने चालवत नाहीत, हे खरे. पण मोठेपणाची कल्पना यायला हा आकडा बरा. जाहिरातीतल्या धुराड्यातून कधी धूर निघताना तुम्ही पाहिला आहे काय?

निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते म्हणालो, ते मात्र पूर्ण खरे नाही. खाली उतरले की तीच उष्णता पुन्हा कामाला जुंपलेली दिसते. इंजिने थंड ठेवणारे पाणी तापून ८०-९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. त्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करतात. तुम्ही म्हणाल, पाणी तर १०० अंशांना उकळते, मग ८० अंशांच्या पाण्याने ते उकळणार कसे? येथेच खरी खुबी आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तेथे पाणी सुमारे साडेचार अंश आधीच उकळते. प्रेशर कुकरमध्ये आपण दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतो. जहाजावर त्याच्या नेमके उलट करतात. बंद टाकीतली हवा पंपाने काढून दाब वातावरणाच्या एक-दशांशावर आणला की पाणी सुमारे ४६ अंशांनाच उकळू लागते. वाफ थंड करायला भोवती समुद्र आहेच. मीठ मागे राहते आणि गोडे पाणी हाती येते.

दुसरी रीत व्यस्त परासरणाची. वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने समुद्राचे पाणी बारीक पटलातून दाबून काढतात. पहिल्या रीतीत वाया जाणारी उष्णता लागते, दुसरीत ताजी वीज लागते. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाची इंजिने मंद चालतात, तेव्हा कोणती रीत सोयीची? खोल समुद्रात कोणती? हा प्रश्न मी परीक्षेत घालू इच्छितो. पण तो इंजिनघराच्या दाराशी विचारला गेला तर उत्तर जन्मभर विसरणार नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा आलेख सुबक काढणारी मुले दरवर्षी येतात. त्या आलेखावर हजारो माणसांची तहान भागते, हे मात्र त्यांना कोणी दाखवलेले नसते. दोष मुलांचा नाही. ज्या दारामागे हे घडते ते दार बंद आहे, ही खरी अडचण.

फेकले म्हणजे संपले का?

घरातला केर आपण दाराबाहेर ठेवतो आणि तो संपला असे समजतो. शहर एवढे मोठे असते की तो पुढे कोठे गेला ते दिसतच नाही. जहाजाला मात्र 'बाहेर' नाही. सभोवती समुद्र आहे आणि त्यात काय टाकावे, काय टाकू नये याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. 'मार्पोल' या कराराच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला पूर्ण बंदी आहे. म्हणून खालच्या मजल्यावर केर निवडणारी माणसे असतात. काच वेगळी, पत्र्याचे डबे दाबून वेगळे, कागद वेगळा, उष्टे-खरकटे भरडून वेगळे. शौचकूपांतही पाण्याची उधळपट्टी नसते. नळांतली हवा आधीच काढून घेतलेली असते. झडप उघडली की बाहेरच्या हवेचा दाबच मैला पुढे ढकलतो. एका वेळी सुमारे एक लिटर पाणी पुरते. पण हवा काढणारा पंप विजेवर चालतो. 'ट्रायम्फ'वर वीज गेल्यावर शौचकूप का बंद पडले असतील, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

येथे मात्र सफर घडवणाऱ्यांना थोडे अडचणीचे प्रश्न विचारायला हवेत. काही खास समुद्र सोडले तर किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून शुद्ध न केलेला मैलाही सोडायला नियमाने मुभा आहे. मोठ्या नव्या जहाजांवर मैला शुद्ध करणारी चांगली यंत्रे असतात. पण आपण ज्या जहाजावर उभे आहोत, त्यावर काय करतात? दुसरा प्रश्न धुराचा. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. नियमाला धरून पर्यायही दिला आहे. जास्त गंधकाचे स्वस्त इंधन जाळावे, पण धुराड्यात धूर पाण्याने धुऊन काढावा. काही जहाजांवर हे धुवण समुद्रातच सोडले जाते, तर काही बंदरांनी त्याला बंदी केली आहे. वस्तुमान अक्षय्य असते, हे आपण शाळेत शिकलो. मग हवेतून नाहीसे झालेले गंधक कोठे गेले? ज्या विद्यार्थ्याला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम खरोखर समजला, तो हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही.

यंत्रांमागची माणसे

अमेरिकी जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या मुख्य बोळाला गमतीने 'आय-९५' म्हणतात. ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या मोठ्या महामार्गाचे नाव आहे. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हा बोळ जातो. भिंतींवर गालिच्यांशी जुळणारा रंग नाही, चित्रे नाहीत. तेथून सामानाच्या गाड्या, चादरींचे ढीग आणि पाळी बदलणारी माणसे वाहत असतात. जहाजाच्या रक्तवाहिनीसारखा हा बोळ, पण वर राहणाऱ्या प्रवाशाला तो असल्याचे ठाऊकही नसते.

या बोळाशी आपले नाते जुने आहे. वाफेच्या जहाजांच्या काळी ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर काम करत आणि गोव्याची माणसे मुदपाकखान्यात व जेवणघरात असत. सारंग, टंडेल, भंडारी हे शब्द त्या जहाजांवर रोजच्या वापरातले होते. मुंबईच्या धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या गावोगावच्या खलाशांचे 'कूड' होते. पुढची बोट मिळेपर्यंत ते तेथे राहत. आजही गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी मुले क्रूझ जहाजांवर आहेत. 'भाऊ बोटीवर आहे' एवढेच घरी सांगितले जाते. बोटीवर म्हणजे कोठे, कोणत्या मजल्यावर, दिवसाचे किती तास, हे फारसे कोणी विचारत नाही.

विचारले तर काय कळेल? आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २००६ साली झाला आणि २०१३ साली अमलात आला. भारतानेही तो २०१५ साली स्वीकारला. त्यातील कामाच्या तासांची एक मर्यादा अशी: चोवीस तासांत जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्यात जास्तीत जास्त ७२ तास. जमिनीवरच्या कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा असतो, हे लक्षात घेऊन या आकड्याकडे पाहा. करार अनेक महिन्यांचा असतो आणि त्या काळात रविवार उगवत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज करोनाच्या साथीमुळे अडवून ठेवले गेले. जहाजावर ३,७११ माणसे होती आणि पुढे त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहण्याचा हुकूम झाला. पण त्यांचे जेवण कोण शिजवणार आणि दारापर्यंत कोण पोचवणार? खालच्या मजल्यावरची माणसे कामावर राहिली. त्यांच्या खोल्या सामायिक होत्या, जेवणही एकत्रच होते. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ जण कर्मचारी होते. खालच्या मजल्याचा प्रश्न केवळ यंत्रांचा नाही तो असा.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या मताविरुद्ध काय म्हणता येईल तेही पाहू. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षिततेची नवी संहिता तयार झाली आणि ती १ जुलै २००४ पासून लागू झाली. सुकाणूघर आणि इंजिनघर ही कोणीही उठून जावे अशी ठिकाणे राहिली नाहीत. शिवाय इंजिनघरात कान बधिर करणारा आवाज आणि प्रचंड उष्णता असते. तेथे मुलांची रांग नेणे शहाणपणाचे नव्हे. पण त्यावर उपाय आहेत. लहान गट, सोबत जाणकार अधिकारी, आणि इंजिनघराऐवजी त्याचा नियंत्रण-कक्ष. पैसे भरणाऱ्या प्रवाशांसाठी हे जमते, तर विद्यार्थ्यांसाठी का जमू नये?

दुसरा आक्षेप असा की, पडद्यामागे डोकावले म्हणजे मजा जाते. मला हे पटत नाही. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो हे कळल्यावर चंद्रग्रहण पाहायची गोडी कमी झाली का? उलट जे राहू-केतूंच्या भीतीने दार लावून बसत, ते गच्चीवर येऊन पाहू लागले. कळल्याने भीती जाते, गोडी जात नाही.

तिसरा आक्षेप: मुलांना काय कळणार? वर आलेली तत्त्वे पुन्हा मोजा. प्लवन, दाब, उत्कलन, परासरण, ऊर्जेचे रूपांतर, वस्तुमानाची अक्षय्यता. यांतले बहुतेक शाळेच्याच पुस्तकात आहे. नवीन काही शिकवायचे नाही, शिकवलेले कोठे राहते त्याचा पत्ता द्यायचा आहे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार. आपल्या गावच्या मुलाला क्रूझचे तिकीट कोठून परवडणार? परवडणार नाही, आणि परवडायची गरजही नाही. सहलीची जहाजे मुंबई, मुरगाव यांसारख्या बंदरांत येतात तेव्हा तासन् तास धक्क्याला उभी असतात. बंदर, कंपनी आणि शाळा यांनी मनावर घेतले, तर रीतसर परवानगी काढून वर्षातून काही वेळा चाळीस मुलांना खालचा मजला दाखवणे अशक्य नाही. ज्या कंपन्या आपल्या बंदरात व्यापार करतात त्यांच्याकडे एवढे मागणे अवास्तव वाटत नाही. आणि तोवर? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे, दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट आहे. त्यांनाही इंजिन आहे, त्यांचाही प्लवनाचा हिशेब आहे. बोट छोटी म्हणून आर्किमीडीज छोटा होत नाही.

पाच प्रश्न

शिक्षक बंधुभगिनींनो, सहलीची वही करताना मुलांना 'आम्ही काय काय पाहिले' एवढेच लिहायला सांगू नका. पुढील पाच प्रश्न द्या. येथे दिवसाला किती ऊर्जा लागते आणि ती कशापासून मिळते? वाया जाणारी उष्णता कोठे जाते? पाणी कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते? केराचे शेवटी काय होते? आणि हे सारे चालवणारी माणसे कोण, ती किती तास राबतात, कोठे झोपतात?

ज्या सफरीत या पाचांची सरळ उत्तरे मिळतात ती खरी पडद्यामागची सफर. ज्या सफरीत चकाकणारी पातेली दाखवून, आचाऱ्याबरोबर छायाचित्र काढून परत पाठवतात, तो जुन्या नाटकाचाच आणखी एक प्रवेश समजावा. पैसे भरून पाहिला म्हणून तो पडद्यामागचा होत नाही.

मित्रहो, या पाच प्रश्नांना जहाजच लागते असे नाही. रुग्णालय, रेल्वे स्थानक, दूध डेअरी, तुमची स्वतःची शाळा, कोठेही ते विचारा. जहाजाचा गुण एवढाच की, तेथे हद्द डोळ्यांना दिसते. कठड्यापाशी जहाज संपते आणि पाणी सुरू होते. म्हणून आत काय आले आणि बाहेर काय गेले याची वही नीट मांडता येते. आपल्या गावाला कठडा नाही, म्हणून वही मांडायची आपण विसरतो. पाणी, वीज, केर आणि श्रम मात्र तेथेही तेवढेच खरे असतात.

तुमच्यापैकी कोणाचा काका किंवा भाऊ बोटीवर असेल. तो सुट्टीवर घरी आला की चॉकलेटे वाटून घ्याच, पण त्यानंतर त्याच्यापुढे वही ठेवा आणि जहाजाचा उभा छेद काढून मागा. पाण्याची रेषा कोठे, इंजिने कोठे, पाण्याचे यंत्र कोठे, आणि त्याचा स्वतःचा बिछाना कोणत्या मजल्यावर, हे सर्व त्याच्याकडून त्या चित्रात भरून घ्या.